पान सुरळी होतं तेव्हा ज्वारीत काय चालतं?

प्रश्न : आमची कोरडवाहू मालदांडी ज्वारी पोटरीत आली आहे, कणीस अजून पानाच्या वेष्टनात आहे. रान भेगाळलंय. दुपारी पानांची सुरळी होते, सकाळी पानं पुन्हा उलगडतात. गावात म्हणतात, पीक झोपलंय. आत नेमकं काय चालतं? एखादी फवारणी घेऊ का?
– एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

उत्तर : पीक झोपलेलं नाही, ते फार कामात आहे. मी आयुष्यभर कृषी महाविद्यालयात पिकांचं शरीरशास्त्र शिकवलं, आणि या विषयावर बोलायला मला ज्वारीइतकं आवडतं पीक दुसरं नाही.

मुळांना ओल कमी पडू लागली की झाडात ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते पानावरची बारीक रंध्रं मिटवतं. पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येणंही कमी होतं. इथे ज्वारी गव्हापेक्षा सरस ठरते. मिळेल तेवढा कार्बन ती आधी एका पेशीत पकडते आणि मग आतल्या पेशींना एकवटून पुरवते. त्यामुळे रंध्रं अर्धवट मिटली तरी तिचं अन्न तयार होत राहतं.

त्याच वेळी पेशींमध्ये साखर, पोटॅश, प्रोलीन आणि ग्लायसिन बीटेन साठू लागतं. पेशीतला रस असा दाट झाला की कोरड्या मातीतूनही थोडं पाणी ओढता येतं. रात्री रंध्रं मिटलेली असतात, झाडात पाणी भरतं आणि सकाळी तुमची पानं उलगडतात. पाऊस झाला तर साठवलेलं प्रोलीन मोडून झाड त्यातली ऊर्जा आणि नत्र पुन्हा वापरतं.

हे सगळं फुकट होत नाही. या साठ्यासाठी लागणारी साखर आणि नत्र वाढीच्या वाट्यातूनच जातं. फुलोऱ्यानंतरही ताण राहिला तर झाड ताटातली साखर कणसाकडे पाठवतं. दाणा भरतो, ताट मात्र दुबळं होतं आणि खडखड्या हा रोग शिरतो. लोळलेलं एखादं ताट उभं चिरून बघा. आतला भेंड (मऊ गर) गेलेला, नुसते धागे उरलेले आणि त्यांवर कोळशाच्या भुकटीसारखे काळे कण. ती बुरशी आहे, पण तिला वाट करून दिली ती उपासमारीने.

म्हणूनच शेवटपर्यंत पानं हिरवी ठेवणाऱ्या ज्वारीवर पैदासकारांनी इतकी मेहनत घेतली. त्यातलं एक गाजलेलं वाण इथिओपियातल्या स्थानिक ज्वारीपासून आलं. अशी झाडं फुटवे कमी काढतात, फुलोऱ्याआधी पाणी जपून वापरतात आणि दाणे भरताना ते त्यांच्या कामी येतं. आपली मालदांडी 35-1 मोहोळला स्थानिक ज्वारीतूनच निवडलेली. जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर दाणा आणि कडबा दोन्ही देणारं हे वाण मला आजही मोलाचं वाटतं.

आता फवारणीचं. पोटॅशियम नायट्रेट 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम घेऊन फवारता येईल. पण त्याआधी दातेरी कोळपं घाला आणि भेगा बुजवा, कारण तिथून ओल उडतेय. विहिरीत एका पाळीचं पाणी असेल तर ते आत्ताच, पोटरीत द्या. पानं वाळल्यावर दिलेलं पाणी दाण्यापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : ताणातल्या कोवळ्या ज्वारीत शिरलेली आमची गाय तासाभरात दगावली. कीटकनाशक फवारलेलं नव्हतं.
– एक वाचक, जत तालुका

उत्तर : फार वाईट झालं. वर्णनावरून ही किराळ लागलेली, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा झालेली दिसते. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो. वाढ खुंटते, मुळं मात्र नत्र घेत राहतात, म्हणून ताणात आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत तो वाढतो. जनावराने चावलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. फुलोऱ्याआधीची ओली ज्वारी घालू नका. नीट वाळवलेल्या कडब्यात ही भीती फार कमी. पुन्हा कधी जनावर धापा टाकू लागलं, तोल जाऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा आणि ज्वारी खाल्ल्याचं आधी सांगा. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधं शिरेतून वेळेत गेली तर जनावर वाचू शकतं.