निपाणीत राहतो. व्हीआरमध्ये फ्लाइट सिम्युलेटरसाठी कोणता तयार पीसी घ्यावा?

तुमच्याकडे क्वेस्ट ३ हा व्हीआर हेडसेट आहे आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ चालवायचंय, तर आधी ग्राफिक्स कार्ड बघा. कार्डाची स्वतःची मेमरी १६ जीबीच्या खाली नको. हेडसेटमध्ये एकेका डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल आहेत. रेझोल्यूशन उतरवलं की कॉकपिटमधले आकडेच वाचता येत नाहीत. आरटीएक्स ५०७० टीआय घ्या. ५०६० टीआयलाही १६ जीबी मिळते, पण ते व्हीआरला तोकडं पडतं.

प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी. सिम्युलेटरचा बराच भार एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामावर येतो, तिथे या प्रोसेसरांची ९६ एमबीची एल३ कॅश (आतली वेगवान मेमरी) खरी कामाला येते. नुसते कोअर वाढवून फायदा नाही.

तयार पीसीत काटकसर होते ती न दिसणाऱ्या जागी. बेळगावात घेणार असाल तर बाजूची काच काढायला लावा, अगदी संकोच न करता. रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या हव्यात, एकच नको. पॉवर सप्लायवरचं स्टिकर स्वतः वाचा: ८५० वॅट, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा).

यूपीएस घ्याच. देखावे इंटरनेटवरून येतात, म्हणून फायबरही हवं. पहिलं उड्डाण आपल्या सांबऱ्यावरूनच, म्हणजे बेळगाव विमानतळावरूनच करा, विमानतळाचा कोड व्हीओबीएम.