रूथ ब्राऊन: गाणी एवढी गाजली, मग पैसे गेले कुठे?

पन्नासच्या दशकात अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका रूथ ब्राऊन एवढी लोकप्रिय होती, तर पुढे तिच्यावर लोकांच्या घरी कामं करायची वेळ का आली, आणि तिचं गाणं ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं तुम्ही विचारलंत. ती उधळी असणार हा तुमचा तर्क मात्र मला मान्य नाही. पैसा हातात आलाच नाही, तर उधळणार काय?

जन्म १२ जानेवारी १९२८चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथ या बंदराच्या गावी. वडील गोदीत काम करायचे आणि चर्चमधल्या गायकवृंदाची जबाबदारी सांभाळायचे. चर्चबाहेरचं गाणं त्यांना चालत नसे. सतराव्या वर्षी ही जिमी ब्राऊन नावाच्या ट्रम्पेटवादकाबरोबर घरातून पळाली. लकी मिलिंडरच्या बँडमध्ये जेमतेम महिनाभर टिकली, वॉशिंग्टनमध्ये तिथूनही काढलं गेलं. प्रसिद्ध जॅझ गायक कॅब कॅलोवेची बहीण ब्लांच हिने तिला क्लबात गायची संधी दिली आणि पुढे तिचं व्यवस्थापनही पाहिलं. अटलांटिक रेकॉर्ड्स ही नवी, छोटी कंपनी तिला घ्यायला तयार झाली. पण १९४८ मध्ये न्यूयॉर्कला जाताना मोटारीला भीषण अपघात झाला, दोन्ही पाय जायबंदी झाले आणि करारावरची सही इस्पितळाच्या खाटेवर झाली. पहिलं यशस्वी गाणं 'सो लाँग' १९४९चं. ते ध्वनिमुद्रित केलं तेव्हाही ती कुबड्या घेऊनच चालत होती.

पुढच्या वर्षी आलेलं 'टियरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' ११ आठवडे रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीत पहिलं होतं. त्या काळात तिची पाच गाणी पहिल्या क्रमांकावर पोचली. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमला बेब रूथ या बेसबॉलपटूने बांधलेलं घर म्हणत, त्याच चालीवर लोक अटलांटिकला या रूथने बांधलेलं घर म्हणू लागले. वरच्या पट्टीत शब्दाच्या टोकाला तिचा आवाज किंचित चिरकतो. एखाद्या शिस्तीच्या गायिकेने तो घासूनपुसून काढला असता. हिने तीच आपली ओळख केली. रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डनेही तिचा आपल्यावरचा प्रभाव मान्य केलेला आहे.

आता पैशाचं. त्या काळच्या करारांत गायकाला रेकॉर्ड विक्रीच्या जेमतेम काही टक्के मिळायचे. पण त्याआधी वादकांचं मानधन, संगीत संयोजकाचे पैसे, स्टुडिओचं भाडं हे सगळं गायकाच्या खात्यावर उचल म्हणून मांडलं जाई. रेकॉर्ड विकून कंपनीला मिळकत व्हायची, पण गायकाच्या टक्क्यांमधून ही उचल फिटत नसे. नवं गाणं केलं की खात्यावर नवा खर्च चढे. त्यात कृष्णवर्णीय गायिकेचं गाणं गोरी गायिका लगेच पुन्हा गाऊन मोठ्या बाजारात विकत असे. हिच्या 'ओ व्हॉट अ ड्रीम'चं पॅटी पेजने तेच केलं. म्हणजे मोठा श्रोतावर्ग दुसरीकडे, आणि कर्ज हिच्या नावावर. माझ्या मते हा अन्याय कराराच्या मांडणीतच होता, एखाद्या हिशेबनिसाच्या चुकीमुळे घडलेला नव्हता.

१९६१ मध्ये ती अटलांटिकमधून बाहेर पडली. लाँग आयलंडवर राहून दोन मुलं वाढवताना तिने शाळेची बस चालवली, लोकांच्या घरी कामं केली. सत्तरच्या दशकात विनोदी नट रेड फॉक्सने हात दिला आणि ती पुन्हा रंगमंचावर आली.

पण खरी कलाटणी दिली हॉवेल बेगल या वकिलाने. लहानपणापासूनचा चाहता. कार्यक्रमानंतर तिच्या जुन्या रेकॉर्ड्स घेऊन सह्या मागायला गेला. त्याने त्यांसाठी केवढे पैसे मोजलेत हे ऐकून ती थक्क झाली, कारण तिला स्वतःला त्यातून काहीच मिळत नव्हतं. तिथून वर्षानुवर्षं पाठपुरावा सुरू झाला. १९८८ मध्ये, कंपनीच्या चाळिसाव्या वर्धापन सोहळ्याच्या तोंडावर, अटलांटिकने तिच्यासकट अनेक जुन्या कलाकारांच्या खात्यावरचं कर्ज रद्द केलं आणि मागच्या २० वर्षांची रॉयल्टी द्यायचं कबूल केलं. शिवाय जुन्या कलावंतांना मदत करणारं रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं करायलाही कंपनीने मोठी रक्कम दिली. स्वतःचे पैसे घेऊन ती गप्प बसू शकली असती. तिने बाकीच्यांसाठीही भांडण लावून धरलं, म्हणून मला ही बाई गायिकेइतकीच लढवय्यी म्हणून मोठी वाटते.

१९८९ मध्ये ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या 'ब्लॅक अँड ब्लू' या संगीत कार्यक्रमासाठी टोनी हा नाट्यपुरस्कार, त्यानंतर ग्रॅमी, १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश. १७ नोव्हेंबर २००६ रोजी ती गेली.

ऐकायचं असेल तर १९५३चं 'मामा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन' आधी लावा आणि 'मामा' या हाकेवर कान ठेवा. तो चिरकणारा स्वर तिथे सापडेल, मागे खंजिरीचा ठेका आहे. मग 'फाइव्ह टेन फिफ्टीन अवर्स'. आणि त्यानंतर थेट 'ब्लूज ऑन ब्रॉडवे' या अल्बमवर उडी मारा. साठीतला आवाज खाली उतरलाय, जड झालाय, पण शब्द कसे टाकायचे हे तिथे ती पूर्वीपेक्षा चांगलं जाणते. मधल्या काळातल्या रेकॉर्ड्स नंतर ऐकल्यात तरी चालेल.