टेप, गुण्या, लेव्हल अचूक आहे का, हे दुकानातच कसं बघायचं?

तुम्ही विचारलंय, सोलापुरात टेप, गुण्या (काटकोन बघायची सुताराची पट्टी) आणि लेव्हल घ्यायचीय, तर तपासायला सोबत काय न्यावं? टोक केलेली पेन्सिल आणि सरळ कडेचा प्लायचा हातभर तुकडा. बास.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे फर्निचरचं काम करतो. सुरुवातीला एक चकचकीत गुण्या नुसता बघून घेतला. पहिल्याच कपाटाचं दार वर घासायचं आणि खाली फट. दोन दिवस बिजागऱ्यांना शिव्या घातल्या, मग कळलं की गुण्याच वाकडा.

आता असं करतो. प्लायच्या कडेला गुण्याची मूठ टेकवून रेघ मारायची. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी. दोन्ही एकावर एक बसल्या तर काटकोन. टोकाला फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक. 15 सेंमी पात्याच्या टोकाशी रेघांमध्ये 1 मिमी दिसला, तर गुण्या अर्धा मिमी बाहेर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 60 सेंमी खोल कपाटात तो 2 मिमी होतो. आणि पेन्सिल बोथट असेल तर हे काहीच कळणार नाही, रेघच तेवढी जाड येते.

लेव्हलला काउंटर पुरतो, तो कलता असला तरी चालतं. बुडबुडा रस्त्याच्या बाजूला एक रेघ सरकला असेल, तर लेव्हलची टोकं अदलाबदल करून त्याच जागी ठेवल्यावरही तो रस्त्याकडेच, तेवढाच सरकलेला हवा. आत दुकानदाराकडे गेला की ती लेव्हल घेऊ नका.

टेपची आकडी हलते म्हणून बरेच जण टेप परत करतात. अहो, ती हललीच पाहिजे, स्वतःच्या जाडीएवढी! बाहेर अडकवली की ओढली जाते, आत टेकवली की दबते. प्लायचा तुकडा एकदा आकडी अडकवून मोजा, एकदा 10 सेंमीच्या खुणेपासून. तेवढे 10 वजा करून माप जुळलं पाहिजे. पट्टीवर रोमन आकड्यात क्लास छापलेला असतो: 5 मीटरला क्लास दोनमध्ये 1.3 मिमी, क्लास एकमध्ये 0.6 मिमी इतकी चूक चालते. घरच्या कामाला दोन भरपूर झाला.

एक आपल्या गावचं. टेपचं माप 20 अंशांना धरलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 40 अंशांना 5 मीटरची स्टीलची पट्टी मिलिमीटरभर वाढते. लोखंडाचं काम असेल तर मोजायचा तुकडाही तेवढाच वाढलेला असतो, फिट्टंफाट. लाकडाचं तसं नसतं, म्हणून लांब मापं मी सकाळीच घेतो.

गुण्याचे मात्र चार-पाच नग काढायला सांगा. माझा सध्याचा पाचवा निघाला, तोवर दुकानदाराने स्वतःसाठी दुसरा चहा सांगितला होता.