एपिस्कोपल चर्चमध्ये ले रीडर म्हणून उपासनेत सेवा करायची असेल, तर कोणते प्रशिक्षण घ्यावे लागते?

आपण लिहिले आहे की, आपण काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून अमेरिकेत आलात, घराजवळच्या एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये, जाऊ लागलात, आणि तिथल्या पाळकांनी आता आपल्याला ले रीडर होण्याविषयी विचारले आहे. दीक्षा न झालेल्या माणसाला उपासना चालवता येते का, त्यासाठी काय शिकावे लागते आणि आपले मराठी वळणाचे इंग्रजी आड येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी नाशिकच्या शरणपूर भागात वाढले, न्यू जर्सीत स्थायिक झाले आणि तिथेच हे प्रशिक्षण घेतले. पुढे नव्याने येणाऱ्यांना शिकवण्याचे कामही काही वर्षे केले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथम शब्दांचा उलगडा करते, कारण त्यांतच बराच गोंधळ होतो. 'ले रीडर', म्हणजे याजकपदाची दीक्षा न घेता उपासना चालवणारा सामान्य सभासद, हा जुना शब्द आहे. तो बोलण्यात अजून टिकून असला, तरी चर्चच्या आजच्या नियमांत या कामाचे वेगवेगळे भाग पाडलेले आहेत. रविवारी शुभवर्तमानाच्या आधीचे जुन्या आणि नव्या करारातील पाठ वाचणाऱ्याला लेक्टर म्हणतात आणि त्याला बिशपांचा परवाना लागत नाही. पाळकांनी नेमले की पुरते. पाळकांच्या देखरेखीखाली नियमितपणे संपूर्ण उपासना चालवणाऱ्याला 'वर्शिप लीडर' म्हणतात, आणि त्याला मात्र बिशपांकडून ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागतो. प्रभुभोजनात, म्हणजे भाकर व द्राक्षारस यांच्या विधीत, प्याला देण्यासाठी वेगळा परवाना आहे आणि स्वतः तयार केलेला उपदेश देण्यासाठी आणखी वेगळा. म्हणून आपल्या पाळकांना यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, हे आधी विचारून घ्यावे. परवान्यासाठी सामान्यतः दृढीकरण झालेला, म्हणजे बिशपांनी हात ठेवून विश्वासात पक्का केलेला, प्रौढ सभासद असणे अपेक्षित असते. आपले दृढीकरण चर्च ऑफ नॉर्थ इंडियात झाले असेल, तर तेही सांगून ठेवावे, कारण १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेले ते चर्च आणि एपिस्कोपल चर्च ही दोन्ही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नाते असलेल्या चर्चच्या, परिवारातली आहेत.

या पदामागे याजकांच्या टंचाईचा मोठा इतिहास आहे. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींत एकही बिशप नव्हता, त्यामुळे कोणाला याजकपदाची दीक्षा हवी असेल, तर समुद्र ओलांडून इंग्लंडला जावे लागे. अमेरिकेचे पहिले बिशप सॅम्युअल सीबरी यांचा अभिषेक १७८४ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झाला. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी गावांत कोणीतरी सामान्य सभासदच प्रार्थनापुस्तक (उपासनेचे ठरलेले विधी ज्यात छापलेले असतात ते पुस्तक) हातात धरून रविवारची उपासना चालवत असे. पुढे विसाव्या शतकात बऱ्याच चर्चमध्ये सकाळची प्रार्थना हीच रविवारची मुख्य उपासना होती आणि ती ले रीडरला चालवता येई. १९७९च्या प्रार्थनापुस्तकाने प्रभुभोजनाला रविवारची मुख्य उपासना ठरवले. प्रभुभोजनाचा विधी याजकावाचून होत नाही, त्यामुळे ले रीडरचे काम काही ठिकाणी आक्रसले. मात्र ज्या छोट्या मंडळ्यांना पूर्णवेळ पाळक परवडत नाही, तिथे आजही सकाळची प्रार्थना त्याच्यावरच सोपवलेली असते.

आता प्रशिक्षणाकडे वळते. बिशपप्रांतानुसार त्याची रचना वेगळी असते; कुठे काही शनिवारांचे वर्ग असतात, कुठे पाळकच एकेकाला शिकवतात. बायबलची ओळख, प्रार्थनापुस्तक व गीतपुस्तक यांची रचना, उपासना चालवण्याची पद्धत आणि आवाजाचा वापर या गोष्टी साधारणपणे सगळीकडे असतात, आणि मुलांच्या व दुर्बळांच्या सुरक्षिततेविषयीचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. अधिक खोलात शिरायचे असेल, तर टेनेसीतील सेवानी विद्यापीठाचा चार वर्षांचा ईएफएम (एज्युकेशन फॉर मिनिस्ट्री) अभ्यासक्रम आहे. तो परवान्यासाठी सक्तीचा नाही, परंतु ज्यांनी तो केला आहे, त्यांच्या वाचनात ठामपणा येतो, असा माझा अनुभव आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट एका लहानशा सूचनेत आहे, आणि मी शिकवताना सुरुवात नेहमी तिथूनच करत असे. सकाळच्या प्रार्थनेत सर्वजण पापांची कबुली देतात आणि त्यानंतर याजक उभे राहून म्हणतात, "सर्वसमर्थ देव तुमच्यावर दया करो, तुमच्या सर्व पापांची क्षमा करो." त्याखाली तिरप्या अक्षरांत सूचना छापलेली आहे की, हेच शब्द डीकन (याजकाच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) किंवा सामान्य सभासद म्हणत असेल, तर त्याने गुडघ्यांवरच राहावे आणि 'तुम्ही'च्या जागी 'आपण' आणावे. इंग्रजीत हा बदल 'यू'चा 'अस' करण्याएवढाच आहे. मराठी माणसाला मात्र इथे थांबून विचार करावा लागतो, कारण आपल्याकडे 'आम्ही' निराळे आणि 'आपण' निराळे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण देवाशी बोलतो, म्हणून "आम्हांला क्षमा कर" असे म्हणतो. इथे तो माणूस शेजारी गुडघे टेकलेल्या मंडळीसह बोलत आहे, म्हणून "आपल्यावर दया करो" हेच योग्य. क्षमा जाहीर करण्याचा अधिकार याजकाचा आहे. ले रीडर मंडळीच्या पुढे असला, तरी क्षमा मागणाऱ्यांच्याच रांगेत असतो. हीच मर्यादा आशीर्वादाच्या वेळीही असते. तो हात वर करून आशीर्वाद देत नाही, तर "प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता आपणा सर्वांबरोबर असो" या शब्दांनी उपासना संपवतो. झगा आणि त्यावरचा सरप्लिस हा पांढरा सैल अंगरखा त्याला घालता येतो, दीक्षितांच्या गळ्यातली स्टोल नावाची पट्टी नाही. सरावाच्या वेळी माझ्याकडूनही सवयीने 'यू' निघाले होते, कारण याजकांच्या तोंडून तेच ऐकून कान तयार झालेले असतात. म्हणून आपल्या प्रतीत त्या ओळीवर पेन्सिलने बदल लिहून ठेवावा.

वाचनाची तयारी हा दुसरा मोठा भाग आहे. रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्राने ठरलेले असतात. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक मुख्यत्वे वाचला जातो, त्यामुळे आपला पाठ कोणता हे कितीतरी आधी कळते. मी सोमवारी तो मराठीत वाचत असे, कारण अर्थ मातृभाषेत मुरतो, आणि मंगळवारपासून रोज एकदा इंग्रजीत मोठ्याने म्हणत असे. आपल्याला खरी अडचण उच्चारांपेक्षा नावांची येईल. लहानपणापासून ओळखीचा यशया इथे 'आयझाया' असतो, याकोबाचे पत्र 'जेम्स'चे होते, आणि इयोबाचे नाव इंग्रजीत लिहिलेले पाहिले की नोकरीचा 'जॉब' डोळ्यांपुढे येतो, पण म्हणायचे असते 'जोब'. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, दिवशी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील पाठ येतो आणि पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुल्या अशी नावांची रांगच लागते. इंग्रजीत जन्मलेले वाचकही तिथे अडखळतात. अशी नावे देवनागरीत समासात लिहून ठेवावीत आणि घाई न करता म्हणावीत. मराठी वळणाबद्दल संकोच बाळगू नये. ऐकणाऱ्यांना शब्द कळावेत एवढीच अपेक्षा असते, आणि ते कळण्यासाठी सावकाश वाचणे व वाक्याचा शेवट न गिळणे पुरेसे असते.

स्तोत्रे म्हणताना प्रत्येक ओवीच्या मध्ये छापलेल्या तारकेकडे लक्ष द्यावे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", मग तारका, मग "मला काही उणे पडणार नाही." इब्री काव्यात दुसरा चरण बहुधा पहिल्याच चरणाला उत्तर देतो किंवा तोच अर्थ पुढे नेतो, त्यामुळे तारकेपाशी एक श्वास थांबले, तर ऐकणाऱ्याला पहिला चरण मनात धरता येतो. मंडळी चालवणाऱ्याच्या गतीनेच जाते, म्हणून ही विश्रांती आधी आपल्या अंगवळणी पडली पाहिजे.

उपासनेत मंडळी इतरांसाठी करते त्या 'लोकांच्या प्रार्थनां'चे सहा नमुने प्रार्थनापुस्तकात दिलेले आहेत. त्यांत चर्च, राष्ट्र व अधिकारी, जगाचे कल्याण, स्थानिक गरजा, दुःखात असलेले आणि निधन पावलेले या सर्वांसाठी प्रार्थना असावी लागते. इथे माझे स्पष्ट मत असे आहे की, आजाऱ्यांची नावे वाचून झाल्यावर लोकांना मनातल्या मनात आपली नावे घ्यायला वेळ द्यावाच. नवशिक्याला पाच सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि तो पुढे सरकतो; पण मागच्या बाकावर बसलेली विधवा त्या शांततेसाठीच आलेली असू शकते. मी शिकणाऱ्यांना त्या जागी मनात संपूर्ण 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगत असे, म्हणजे थांबण्याचा अंदाज येतो.

पाळक नसलेल्या रविवारी प्रभुभोजनाच्या विधीतला वचनाचा भाग लोकांच्या प्रार्थनांपर्यंत ले रीडरला चालवता येतो, हेही लक्षात ठेवावे. उपदेशाच्या परवान्याशिवाय त्याने स्वतःचा उपदेश करू नये. पाळकांनी संमत केलेला उपदेश वाचता येतो का, हे आपल्या बिशपप्रांतात विचारावे.

सुरुवात लेक्टर म्हणून करावी, असे मी सुचवीन. पहिल्या रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी जावे, वाचनपीठावरचे बायबल योग्य पानावर उघडले आहे का ते पाहावे, रिबीन जागेवर ठेवावी, मायक्रोफोनपाशी एकदा दोन ओळी म्हणून पाहाव्यात आणि मागच्या बाकावर कोणाला तरी बसवून ऐकू येते का ते विचारावे.