पीट मॅराविच: ८३ सामने, ३,६६७ गुण

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात (डिव्हिजन वन) स्त्री-पुरुष मिळून सर्वाधिक गुणांचा ज्याचा विक्रम कॅटलिन क्लार्क या खेळाडूने मोडला, तो पीट मॅराविच कोण? आणि विक्रम मोडल्यावर आता त्याचं एवढं कौतुक कशाला?

पीट लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून तीनच हंगाम खेळला, १९६७-६८ ते १९६९-७०. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात घेतच नसत. ८३ सामन्यांत ३,६६७ गुण, म्हणजे सामन्याला सरासरी ४४.२. थ्री-पॉइंटची रेषा त्या काळी कॉलेजच्या मैदानावर नव्हती, लांबून मारलेल्या बास्केटलाही दोनच गुण. क्लार्कने मार्च २०२४ मध्ये त्याला मागे टाकलं ते चौथ्या हंगामात, आणि शेवटी १३९ सामन्यांत ३,९५१ वर थांबली. तिला कमी लेखत नाही, बाई जबरदस्तच आहे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून मोठं कोण असं विचारण्यात फारसा अर्थ नाही.

आता मला खरं कुतूहल वाटतं ते त्याच्या वडिलांचं. प्रेस मॅराविच हे पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा या पोलादाच्या गावचे. पोराला त्यांनी लहानपणापासून बॉलला जुंपलं. पीट स्वतः सांगायचा, की वडील गाडी चालवत आणि तो खिडकीतून हात बाहेर काढून रस्त्यावर बॉल आपटत (ड्रिबल) जाई. पाठीमागून पास, पायांमधून पास, न बघता पास, सगळं त्या तालमीतलं. (आमच्या कॉलेजात असा एक पास दिला की सर तडक बेंचवर बसवायचे.) पीटचे कोच मात्र घरचेच होते. १९६६ पासून लुइझियाना स्टेटचा संघ प्रेसकडेच होता आणि पोराला त्यांनी मोकळं रान दिलं. सामन्याला सरासरी ३८ शॉट एकटा पीट मारायचा! दुसऱ्या कुठल्या कोचने हे चालवून घेतलं असतं असं मला वाटत नाही.

याची किंमत संघाने मोजली का? माझ्या मते थोडीफार मोजली. फेब्रुवारी १९७० मध्ये अलाबामाविरुद्ध त्याने ६९ गुण केले आणि सामना १०६-१०४ असा हरले. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या मुख्य स्पर्धेत त्याचा संघ तिन्ही वर्षांत एकदाही पोचला नाही. पण तो यायच्या आदल्या वर्षी याच संघाने २६ पैकी फक्त ३ सामने जिंकले होते, आणि त्याच्या शेवटच्या हंगामात २२ जिंकले. हेही बघायला हवं.

पुढे एनबीए या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत अटलांटा हॉक्स संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. मोठा करार मिळाला, त्यावरून संघातले जुने खेळाडू धुसफुसले. न्यू ऑर्लिन्स जॅझकडे गेल्यावर तो खरा फुलला. फेब्रुवारी १९७७ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ६८ गुण, आणि त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक ३१.१ ची सरासरी. पुढच्याच हंगामात गुडघा गेला. १९८० मध्ये बोस्टन सेल्टिक्सकडून खेळून निवृत्त झाला. एनबीएत थ्री-पॉइंट त्याच शेवटच्या हंगामात आला होता. त्याने एकूण १५ मारले, १० आत गेले. दहा वर्षं आधी ही रेषा असती तर, हा विचार करून लोक अजून हळहळतात.

१९८७ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी पीटला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतलं. ५ जानेवारी १९८८ ला पॅसाडेनात मित्रांबरोबर सहज म्हणून खेळताना तो कोसळला. वय ४०. शवविच्छेदनात कळलं, की हृदयाची डावी धमनी त्याला जन्मापासूनच नव्हती. एवढं सगळं बास्केटबॉल तो तसाच खेळला होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. पुरुषांच्या डिव्हिजन वनमधला विक्रम क्लार्कने मोडलेला नाही, तो पीटच्याच नावावर आहे. २०२३ मध्ये डेट्रॉइट मर्सीचा अँटोइन डेव्हिस पाच हंगाम आणि १४४ सामने खेळून ३,६६४ वर थांबला. ३ गुण कमी पडले.