टीव्हीवर विकतात ती घरगुती यंत्रं घ्यावीत का?

तुमच्या आई दुपारी टीव्हीवरचं टेलिशॉपिंग बघतात आणि त्यांना तीन वस्तू मागवायच्या आहेत: दोरी ओढून भाजी चिरायचा चॉपर, रोटी मेकर आणि विजेचं बिल कमी करणारी डबी. त्यांची बोटं दुखतात, त्यामुळे तुम्हाला सरळ नाही म्हणवत नाही, आणि पैसे वाया जाऊ नयेत असंही वाटतंय. असा तुमचा प्रश्न आहे.

थेट सांगतो. चॉपर जरूर घ्या, पण गावातल्या भांड्यांच्या दुकानातून. रोटी मेकर आईंनी कुणाच्या तरी घरी स्वतः चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि ती बिलाची डबी कुणी फुकट दिली तरी सॉकेटमध्ये खोचू नका.

माझं सांगलीत मिक्सर, इस्त्री, गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्हीवरून घेतलेली वस्तू बिघडली की फोन लागत नाही, मग ती पिशवीत घालून लोक आमच्याकडे येतात. त्यामुळे या वस्तूंची आतली बाजू मी खूप बघितलीय.

आधी डबीबद्दल, कारण तिच्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. सॉकेटमध्ये बसवली की हिरवा दिवा लागतो आणि जाहिरातीत सांगतात, बिल तीस-चाळीस टक्क्यांनी उतरेल. उघडून बघितली तर आत एक छोटा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवून परत सोडणारा भाग), एलईडी आणि तिला लागणारे दोन-चार बारीक पार्ट, बाकी मोकळी जागा. कपॅसिटरनं पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामाला किती लागते ते प्रमाण, सुधारतो हे खरं आहे. मोठ्या मोटारी चालवणाऱ्या कारखान्यांत कपॅसिटर बसवतात, कारण त्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा हिशेब धरलेला असतो. आपल्या घरच्या मीटरवर मात्र नुसती युनिटं मोजली जातात, एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. पंख्यानं आणि फ्रिजनं खाल्लेली युनिटं डबी लावल्यानं कमी होत नाहीत.

‘पण आमचं बिल खरंच कमी आलं’ असं सांगणारी गिऱ्हाइकं येतात आणि ती खोटं बोलत नसतात. खोदून विचारलं की कळतं, डबी ऑक्टोबर संपताना लावलेली असते. नोव्हेंबरात पंखे बंद, कूलर माळ्यावर, मग युनिटं उतरणारच. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो आईंना दाखवा, गेल्या वर्षीचा तोच महिना शेजारी धरा. वाद घालण्यापेक्षा हे लवकर पटतं.

याच जातीची पण जास्त धोक्याची वस्तू म्हणजे नळालाच बसवायचा गिझर. तुमच्या यादीत तो नाही, तरी सांगतो, कारण उद्या तोही दिसेल. त्यावर ३००० वॅट लिहिलेलं असतं. म्हणजे २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर. स्वयंपाकघरातलं नेहमीचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. तिथे ॲडॉप्टर लावून तो चालवला की प्लग तापतो, वायरचं प्लास्टिक मऊ पडतं. त्यात पाण्याला हात लागलेला आणि घराला धड अर्थिंग नाही, अशी घरं आमच्या भागात कमी नाहीत. वितळून काळे पडलेले प्लग माझ्या टेबलावर येतात तेव्हा मला राग येतो, कारण जाहिरातीत अर्थिंगबद्दल अवाक्षर नसतं. पाणी तापवायच्या वस्तूवर आयएसआयचा शिक्का नसेल तर ती घरात आणायचीच नाही.

आता या जाहिराती इतक्या पटतात का, ते सांगतो. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. रॉन पोपील हा तरुण शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात उभा राहून स्वयंपाकघरातली अवजारं विकायचा. अवजारं त्याचे वडील सॅम्युअल पोपील बनवायचे. चॉप-ओ-मॅटिक आणि पुढे व्हेज-ओ-मॅटिक ही त्यांचीच. दिवसभर चिरून दाखवायचं तर भाज्यांचे ढीग वाहून न्यावे लागत, म्हणून एकदाच चित्रित करून ते टीव्हीवर दाखवायचं ठरलं. पुढे १९८४ साली तिथल्या सरकारी आयोगानं टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेवरची बंधनं काढली आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिराती सुरू झाल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबल आली तशा त्याच जाहिराती हिंदीत डब होऊन आल्या आणि २००८ मध्ये होमशॉप१८ हे चोवीस तास फक्त विक्रीचं चॅनेल सुरू झालं.

बाजारात उभं राहून विकण्यात मला काही वावगं वाटत नाही. आपल्या जत्रेतही खिसणीवाला बसतो, गाजराची फुलं करून दाखवतो. त्याच्याकडून खिसणी हातात घेता येते, दुसरं गाजर मागता येतं, पात्याला बोट लावून बघता येतं. टीव्हीवर मधे कॅमेरा येतो. आईंबरोबर बसून एकदा नीट बघा, चित्र कुठे तुटतं ते. दाबायच्या कटरचंच बघा: कांदा जाळीवर ठेवला, झाकण दाबलं, आणि पुढच्या क्षणी वाटीत एकसारखे तुकडे. दाबताना लागलेला जोर, जाळीत अडकलेला कांद्याचा खालचा पापुद्रा, तो काढायला लागलेला ब्रश, हे सगळं त्या तुटलेल्या जागेत गेलेलं असतं.

बोटं दुखणाऱ्या बाईसाठी हा दाबायचा, जाळीचा कटर म्हणूनच चुकीचा. काकडी, टोमॅटो, उकडलेला बटाटा ठीक. कच्चं गाजर किंवा बीट असेल तर सगळं वजन तळव्यावर येतं, आणि जोर थोडा तिरका पडला की बिजागरी तडकते. त्या बिजागरीचा तुकडा कुठे सुटा मिळत नाही. म्हणजे पन्नास पैशांच्या प्लास्टिकपायी हजार रुपयांची वस्तू कचऱ्यात.

शिलाईचं हातात धरायचं छोटं मशीनही असंच. दिसायला स्टेपलरसारखं, चार सेलवर चालतं. पडद्याची कड शिवून दाखवतात आणि ती शिवली जातेही. पण ते एकाच दोऱ्यानं साखळी टाका घालतं. घरच्या मोठ्या मशीनला खाली बॉबिन असते, वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात, म्हणून टाका धरून राहतो. इथे शेवटचं टोक गाठ मारून बांधलं नाही तर ते ओढताच अख्खी शिवण सर्रकन उसवते. एका ताईंनी शाळेच्या गॅदरिंगचा झगा यावर शिवला होता आणि मुलगी स्टेजवर जायच्या आधीच घेर सुटला. मशीनमध्ये बिघाड नव्हता, त्याची जातच तशी आहे. टोक बांधायचं असतं, एवढं सांगायला जाहिरातीत पाच सेकंद पुरले असते.

रोटी मेकरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तो वाईट नाही, त्याची मागणी वेगळी आहे. दोन तापलेल्या पाट्यांमध्ये गोळा दाबायचा, एवढंच ते काम. आता आपण तव्याच्या चपातीला मळतो तशी घट्टसर कणीक यात चालत नाही. दाबलं की ती रबरासारखी आकसून परत जाते, चपाती लहान आणि जाड राहते. कणीक कोमट पाण्यात, बरीच सैल भिजवावी लागते आणि वीस-तीस मिनिटं झाकून ठेवावी लागते. गोळा मधोमध न ठेवता बिजागरीकडे थोडा सरकवून ठेवायचा, कारण दाबताना तो पुढे सरकतो. दाब क्षणभर द्यायचा आणि लगेच वर उचलायचा. धरून ठेवला तर आतली वाफ कडेनं फाडून बाहेर पडते, फुस्स आवाज येतो आणि कडेला भोक. मग उलटायची, झाकण नुसतं टेकवायचं, फुगू द्यायची.

हे सगळं जमलं तरी एक अडचण उरते. फुलका मऊ राहतो तो कडक आचेवर झटपट भाजल्यामुळे. पाटीची उष्णता त्यामानानं कमी, भाजायला वेळ लागतो, तेवढ्यात पाणी उडून जातं. गरम गरम खाल्ली तर छान, डब्यात दुपारपर्यंत ठेवली तर कडक. घडीच्या, पदर सुटणाऱ्या चपातीची तर यात आशाच नको. तुमच्या घरी सकाळी डबे भरायचे असतील तर रोटी मेकर महिनाभरात माळ्यावर जाईल. दोघंच असाल आणि ताटात गरम वाढायची असेल, शिवाय लाटणं धरवत नसेल, तर मात्र आईंना त्याचा खरा उपयोग होईल. म्हणूनच म्हटलं, ओळखीत कुणाकडे पडून असेलच, तो आठवडाभर मागून आणा.

चॉपर मात्र मनापासून सुचवतो. झाकणात एक चपटी गुंडाळी-स्प्रिंग असते, दोरी ओढली की पाती फिरतात, सोडली की स्प्रिंग दोरी आत घेते. बोटांची पकड लागत नाही, कोपरातून ओढता येतं, आणि हे तुमच्या आईंसाठी महत्त्वाचं. पोह्यांचा कांदा चार-पाच झटक्यांत होतो. त्यापुढे ओढत राहिलं तर कांद्याला पाणी सुटतं आणि फोडणीत तो परतायच्या ऐवजी शिजतो. कांद्याचे चार तुकडे आधी विळीवर किंवा सुरीनं करावे लागतात, तेवढं कुणीतरी करून द्या. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका.

दुकानात येणारे चॉपर बहुतेक दोनच कारणांनी आलेले असतात. दोरी भोकापाशी घासून तुटलेली, किंवा स्प्रिंग गंजलेली. दुसऱ्याचं कारण धुणं. पाती आणि भांडं धुवा, झाकण नळाखाली धरू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पाती धुताना दांड्याला वरून धरा, ती फार धारदार असतात. दोरी मी बदलून देतो, नायलॉनची जाड दोरी घातली की मूळच्यापेक्षा जास्त टिकते. आणि गावातल्या दुकानातून घ्यायला सांगतोय तेही यासाठीच: झाकण हातात घेऊन ओढून बघता येतं, पातं बदलून मिळतं का हे विचारता येतं. सुटा भाग मिळत नसेल तर ती वस्तू कितीही स्वस्त असो, मी घरी नेत नाही.

टीव्हीवरच्या चांगल्या वस्तूंचंही नाव घेतलं पाहिजे. हवा काढून टाकायच्या मोठ्या पिशव्यांत थंडीच्या गोधड्या आणि रजया खरोखर निम्म्या जागेत मावतात, फक्त झिपची कड नीट दाबायची. बादलीत पिळायचा फिरता मॉप गुडघेदुखीच्या लोकांना वरदान आहे. या दोन्ही आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात.

एवढं सांगूनही आईंनी फोन लावलाच, तर काही गोष्टी सांभाळा. ‘आज शेवटचे दहा मिनिटं’ हे ऐकून घाई करू नका. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नापतोल या टेलिशॉपिंग कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारी प्रथांबद्दल १० लाखांचा दंड केला. आधी चित्रित केलेला कार्यक्रम लाइव्ह असल्यासारखा दाखवून टंचाई भासवणं, यावरही त्या आदेशात बोट ठेवलेलं आहे. म्हणजे ती दहा मिनिटं उद्याही असतात.

पार्सल आलं की फोडतानाचा व्हिडिओ काढा, खोक्यावरचं लेबल दिसेल असा. बिल मागा, ते न देणं हीच कायद्यानं अनुचित प्रथा आहे. खोक्यावर उत्पादक किंवा आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि छापील किंमत असलीच पाहिजे. वस्तू सदोष निघाली तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, ती परत घेऊन पैसे देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ‘आमची रिटर्न पॉलिसी नाही’ असं फोनवरच्या मुलीनं सांगितलं तर तिच्याशी भांडू नका, ती पगारावर आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथे मराठीतही बोलता येतं. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. हजार-दीड हजारासाठी कोण जातो, या भरवशावर हा धंदा चालतो, तेव्हा तुम्ही जरूर जा.

आईंची बोटं सकाळी जास्त आखडत असतील तर भाजी रात्रीच चिरून फ्रिजमध्ये ठेवा, कांदा मात्र ताजाच चिरा. चॉपर घेताना मधल्या मापाचा, सहा-सातशे मिलीचा घ्या. लहानात एक कांदा धड मावत नाही आणि मोठा एका हातानं दाबून धरता येत नाही. खाली रबराची पकड आहे ना, एवढं दुकानातल्या फरशीवर ठेवून बघा.