वाटेवरची आठवण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे वडील आयुष्यभर सह्याद्रीत भटकले. गावामागच्या डोंगरवाटेवर एका कड्यापाशी ते नेहमी टेकायचे. त्या जागेला त्यांचं नाव देऊन तिथे बाक बसवावा, असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. परवानगी कोणाची घ्यायची आणि बाक कसला करायचा?

उत्तर : आधी सातबारा आणि गावनकाशा काढून जमीन कोणाची ते पाहा. खासगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र घ्या. गायरान असेल तर ग्रामसभेच्या ठरावाबरोबर तहसीलदारांकडेही अर्ज करावा लागेल. वनजमिनीवर स्वतः काहीही उभारू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करून खर्च देण्याची तयारी दाखवा आणि काम खात्याने किंवा गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने करावं, अशी विनंती करा. केंद्राच्या संरक्षित किल्ल्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, पुढच्या २०० मीटरसाठी परवानगी लागते. तटबंदीवर पाटी ठोकणं किंवा नाव कोरणं हा तर गुन्हाच.

जागेच्या नावाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : जुनं नाव पुसू नका. महाबळेश्वरची नाके खिंड गव्हर्नर माल्कमच्या मुलीवरून केट्स पॉइंट झाली आणि मूळ नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. कोणी वाट चुकलं की शोधायला गावकरीच निघतात, त्यांच्या तोंडी जुनंच नाव असतं. वडिलांचं नाव बाकावर असू द्या.

बाक काळ्या दगडाचा करा, कोकणात असाल तर जांभ्याचा. लाकूड वाळवी खाते, साधं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं. बैठक जमिनीपासून ४५ सेंमी उंच, ४० सेंमी रुंद आणि १२० सेंमी लांब पुरते. १० सेंमी जाडीची एवढी सलग काळी फरशी १३५ किलोंच्या आसपास भरते, म्हणून ६० सेंमीचे दोन तुकडे घ्या आणि जोडाखाली तिसरा पाया द्या. पाये मुरूम लागेपर्यंत खोल पुरा. बैठकीला पुढे किंचित उतार हवा, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं. कड्याच्या धारेपासून निदान तीन-चार मीटर आत बसवा. वर आग्यामोहोळं लटकत असतील तर ती जागा सोडा.

पितळी पाटी चोरीला जाते, ऑइलपेंटची अक्षरं उन्हात उडतात. अक्षरं दगडातच तीन-चार मिलिमीटर खोल कोरून घ्यावीत, तीही उभ्या बाजूवर. संगणकावरून कोरताना रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात. त्यामुळे खऱ्या आकाराची कागदी छपाई घरातल्या दोघांनी वाचल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका. नाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि एखादी ओळ, एवढंच. पदव्या, देणगीदारांची यादी आणि फोटो नकोत.

काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरका. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा जाऊन पाये हलले आहेत का, बघून या. दरवर्षी कोण जाणार हेही आत्ताच ठरवून ठेवा.

प्रश्न : बाकाऐवजी झाड लावलं तर? आणि थोडी रक्षा तिथेच ठेवता येईल का?

उत्तर : चालेल, पण कड्याच्या धारेवर नको. तिथल्या वाऱ्यात रोप टिकत नाही, थोडं आत खोलगट जागी लावा. जांभूळ किंवा हिरडा निवडा, गुलमोहोर आणि निलगिरी टाळा. ६० सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यात खणून ठेवा आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा. भोवती काटेरी कुंपण करा. पहिले तीन उन्हाळे आठवड्याला पाणी घालणारं माणूस गावात मिळत नसेल तर झाड लावूच नका. वनजमिनीवर त्यासाठीही खात्याची परवानगी लागेलच.

रक्षा मुळाशी ढीग करून टाकली तर रोप जळतं. दोन मुठी पुरे, त्याही खड्ड्याच्या मातीत नीट मिसळून. गडावरच्या टाक्यात मात्र रक्षा किंवा अस्थी कधीही सोडू नका, ते पाणी लोक पितात.